मिंगेल बाळंत झाली

मालवण,
शुक्रवार, २७ एप्रिल १९६२

प्रिय यशू,

आशीर्वाद. आधी बसून घे आणि हातातलं काम बाजूला ठेव, कारण हे पत्र लांबणार आहे. भाईचं पत्र येतं ते तारेसारखं. सर्व खुशाल, आंबा बरा, प्रकृतीस जपणे. तुझ्या बापाला शाईसुद्धा नारळाच्या भावाने मिळते की काय कोण जाणे. माझं तसं नाही. मी सांगायला बसले की अथपासून इतिपर्यंत सांगितल्याशिवाय उठत नाही, आणि या खेपेला तर मी असा पराक्रम केला आहे की तो कुणाला सांगितला नाही तर माझं पोट फुटेल. आमची मिंगेल बाळंत झाली. सात पिल्लं! सातही धडधाकट, आणि काल त्यांतलं एक तुझ्या बापाच्या वहाणेत जाऊन झोपलं. भाई अनवाणीच बाजारात जाऊन आला.

मिंगेल म्हणजे सशीण. नाव पुरुषाचं आणि जात बाईची, हा घोळ माझा नव्हे, कोन्सेसांवचा. आपल्या कुंपणापलीकडची कोन्सेसांव, तुला लहानपणी नाताळच्या नेवऱ्यो, त्या गोड करंज्या, द्यायची ती. तिने गेल्या वर्षी कुणाकडून तरी दोन ससे घेतले. देणाऱ्याने सांगितलं दोन्ही नर, हिने मानलं दोन्ही नर. त्यांतला एक त्यांनी इंत्रुजाच्या सणाला, म्हणजे त्यांचे उपास लागण्याआधीच्या खाण्यापिण्यात, कापून खाल्ला. दुसरा ईस्टरसाठी राखला, तो हा मिंगेल. मग चार दिवसांत कोन्सेसांव निघाली गोव्याला. तिची बहीण म्हापशाला असते. इतकी वर्षं हद्द बंद, ना जाणं ना येणं, बाप वारला तेव्हासुद्धा बिचारीला जाता आलं नव्हतं. आता गोवा सुटला तशी ही रडत-हसत गाठोडं बांधून तयार. जाताना त्याची पेटी माझ्या पडवीत आणून ठेवली आणि म्हणाली, "सुगंधा, ईस्टर करून येतंय तवसर ह्येका सांभाळ. खाता, पिता, बोलणा नाय. माझ्या घोवापरास बरो." तिचा नवरा पायस बाजूलाच उभा होता. तो हसला, दुसरं करतो काय!

मी खरं तर नाही म्हणणार होते. माझं त्या दिवसांत कसालला जायचं चाललं होतं. आमच्या चुलत हरिश्चंद्रदादाकडे आंबे उतरायचे, रसाची साठं उन्हात घालायची, घरात बाईमाणूस कमी, म्हणून मी पाडवा झाला की तिकडे जावं आणि पावसाळा काढूनच यावं, असं भाईने एकदा जेवताना सुचवलं. सुचवलं म्हणजे भाताकडे बघून बोलला. हरिश्चंद्रदादाच्या घरी दोन सुना आहेत हे मला माहीत होतं आणि भाईलाही माहीत होतं. तुझी आई ताक वाढायला उठली ती आतच राहिली. मी बरं म्हटलं. माझी पत्र्याची पेटी झटकून उन्हात ठेवली. तर ते असो, आधी मिंगेलचं ऐक.

आठ-दहा दिवसांत हा मिंगेल नुसता फुगत चालला. मला वाटलं, माझ्या हातचं खाणं मानवलं. चैत्राच्या तोंडावर हिरवं कुठे मिळतं, पण विहिरीच्या पाटाला पाण्यावर हरळी तगून असते ती मी रोज खुरपून आणायची, जास्वंदीची कोवळी पानं, रताळ्याचा वेल. खायचा कसा, तर चरक चालल्यासारखा. पण मग तो चिडका झाला. हात घातला की मागचे पाय पेटीवर आपटायचा. एक दिवस मी त्याला उचलून मांडीवर घेतला, पोटाखाली हात गेला आणि हाताला काही लागलं, गोट्यांच्या पिशवीसारखं, आणि त्यातली एक गोटी हलली. यशू, मी हात तिथेच ठेवला. हे हलणं माझ्या हाताला ओळखीचं आहे. जनावर असो की माणूस, ते एकदा कळलं की विसरत नाही.

मी कुंपणापाशी जाऊन पायसला हाक मारली आणि सांगितलं, तुमचा मिंगेल गाभण आहे. तो कुंपणाशी आला. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "मगे आमी खाल्लो तो कोण?" मी म्हटलं, पोरांचा बाप, दुसरा कोण! तो बिचारा दोन दिवस माझ्या दारावरून गेला नाही. आणि मी पडवीत येऊन पेटीपुढे बसले आणि एकटीच हसले. म्हणजे मिंगेलबाई, तूही विधवाच. म्हटलं, बरी जागा शोधून आलीस हो.

हसले खरी, पण मनात धास्ती होती. का ते तुला उघड कुणी कधी सांगितलं नसेल, पण तू काही आंधळी नव्हतीस. माझी दोन्ही मुलं पाचवी पुजायच्या आत गेली. मग तुझे आतोबा गलबतासकट गेले. तेव्हापासून माझ्या हाताला यश नाही, हे वाडीत ठरून गेलंय. वाईट कुणी वागत नाही, तसं नाही. पापड लाटायला मी हवी, लोणच्याचा खार मीच बघायचा. पण कुणाचे दिवस भरत आले की आनंदीबाई सुईण माझ्याकडून गरम पाण्याचं भांडं घेते ते उंबऱ्याबाहेर, आणि दार लोटते. सतरा वर्षं मी त्या उंबऱ्याच्या बाहेरचीच आहे. आणि आता ही मुकी बाई दिवस भरत आलेली माझ्याच पदरात आणून टाकलेली. हिचं काही वेडंवाकडं झालं असतं तर लोक वर्षभर पुरवून पुरवून बोलले असते. खोटं कशाला बोलू, मीही बोलले असते, माझी मलाच.

मग मी भाईला सांगितलं, मिंगेल मोकळी होईस्तोवर मी कसालला हलणार नाही. एस्टीच्या धक्क्यात तिला नेता येणार नाही आणि दुसऱ्याची ठेव टाकून जाता येणार नाही. भाई म्हणाला, बरं. तुझ्या आईने त्या दिवशी भांडी जरा मोठ्याने घासली. मी कंबर कसली. मिंगेलच्या देवदारी पेटीच्या चार पायांखाली चार करवंट्या पाण्याने भरून ठेवल्या, मुंगळ्यांनी चढू नये म्हणून. दुपारच्या उन्हाला वरून गोणपाटाचा ओला किंतान. कोंबड्यांना पडवीची बंदी, वाडीतल्या पोरांना त्याहून कडक. रोज तिचं पाणी बदलायची आणि बाजूला चिंचोके निवडत बसायची. जाता-येता आनंदीबाई म्हणायची, "सुगंधा, सशाचा बाळंतपण करतंस मा? डोहाळजेवण कधी?" मी म्हणायची, तुमका आवताण नाय. पदर झटकून चालायला लागायची.

आता ऐक, खरी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बावीवर गोधड्या धुवायला गेले. त्याआधी सकाळी मिंगेल तोंडात वाळकं गवत धरून पेटीभर फिरत होती, आणि मग ती आपल्याच छातीचे, पोटाचे केस उपटायला लागली. पुंजकेच्या पुंजके काढून कोपऱ्यात रचत होती. मला बघूनच कळलं, ही अंथरूण करतेय. पण मी कुणाला सांगितलं नाही, ती माझी घोडचूक. तुझी आई आणि पाडव्याची साफसफाई, तुला काय सांगायला हवं? ती माळ्यापासून सुरू करते आणि कुत्र्याच्या शेपटीपर्यंत येते. मी ओल्या गोधड्या घेऊन आले तर पडवी शेणाने सारवलेली, पेटी राखेने घासून उन्हात उभी, आणि मिंगेल टोपलीखाली, पोट उघडं पडलेलं आणि त्याला करंजेल चोपडलेलं. तुझी आई घाम पुसत म्हणाली, "ह्येका खरूज झाली हा गो. केस कसे गळले बघ. सगळी घाण काढून टाकलंय." बिचारीने मला मदत म्हणून केलं होतं सगळं. केसांचं अंथरूण माडाच्या आळ्यात, आणि त्यावर कोंबड्या पाय झाडत होत्या.

यशू, मी ओरडले. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून मी तिच्यापुढे कधी चढा आवाज काढला नव्हता, पण त्या दिवशी शेजारी बाहेर आले. मी म्हटलं, ती तिच्या पोरांचा बिछाना करत होती वहिनी, खरूज नव्हे, अंगावरचे केस काढून बिछाना करत होती! तुझी आई हातात केरसुणी धरून उभीच राहिली. मी ओल्या फडक्याने सशिणीचं तेल पुसलं. आळ्यातले केस वेचायला गेले तर त्यांत नुसतं शेण आणि राख. आणि मिंगेलच्या अंगावर आता उपटायला फारसं शिल्लकही नव्हतं. चैत्र असला तरी पहाटे खाडीवरून वारा कसा झोंबतो, तुला माहीत आहे. उघडी पिल्लं कशात ठेवायची?

मी आत गेले आणि कसालला न्यायची ती पेटी उघडली. तळाशी एक उशी होती. वीतभर, सावरीच्या कापसाची, कडेने लाल दोऱ्याची शिवण. माझ्या पहिल्या वेळी केलेली. तिच्यावर डोकं ठेवायला कुणी राहिलं नाही, पण टाकवलीही नाही. ती घेऊन मी पडवीत बसले आणि कात्रीने शिवण उसवली. तुझी आई बघत होती. ती शिवण तिचीच होती ग यशू. तेव्हा तू रांगत होतीस आणि ती मला म्हणाली होती, तू कापूस भर, शिवते मी, तुझे टाके वाकडे येतात. मी कापूस पेटीच्या कोपऱ्यात पसरला, मिंगेलला सोडलं आणि वर किंतान टाकलं. थोड्या वेळाने आतून खुडबुड ऐकू आली. फटीतून बघितलं तर ती तोंडाने कापूस उचलून उचलून आपल्याला हवा तसा रचत होती, आणि उरलेसुरले केस वर घालत होती. तुझी आई माझ्यामागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने डोळ्याला पदर लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

पाडव्याच्या दिवशी उजाडताना, भाई गुढीची काठी धूत असताना, मी किंतान बाजूला केला. कापूस हलत होता, दुधाला उकळी येण्याआधी साय हलते तसा. मी हात नीट धुतले, माणसाचा वास लागू नये म्हणून त्यांना हरळी चोळली आणि एका बोटाने कापूस सारला. आठ होती. सात गरम, उघडी, चुळबुळणारी. आठवं कडेला होतं आणि गार होतं. मी ते हातात घेतलं. पुढे सगळं मला तोंडपाठ होतं. आता एकेक करून सगळी जाणार, आणि लोक म्हणणार, बघितलंत ना! तेवढ्यात तुझ्या आईने मागून येऊन माझ्या हातातलं ते पिल्लू काढून घेतलं, केळीच्या पानात गुंडाळलं, आणि कधी नव्हे ते माझ्यावर खेकसली, "एक गेला म्हणान काय झाला? सात आसत ना गो! त्यांका बघ." इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या वेळी कुणी म्हटलं असतं तर! मी त्या सातांकडे बघितलं. मग आम्ही गुढी उभारली, आणि मिंगेलला पहिला नैवेद्य रताळ्याच्या वेलाचा.

पण संपलं कुठे! दोन दिवसांनी नवीन काहूर. मिंगेल पिल्लांकडे फिरकेना. दिवसभर पेटीच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून बसायची, तिकडे पाठ करून. आनंदीबाई येऊन बघून गेली आणि मान हलवली. तुझी आई कासावीस, "आवस कसली ती! पिलां उपाशी मरतली. गायीचा दूध देया, कापसाची वात करून." वाटी घेऊनच आली. मी पेटीपुढे हात आडवा धरला. मी दररोज सकाळी एका बोटाने पिल्लांची पोटं बघत होते. ती गोल होती, पिकल्या रातांब्यासारखी टणक. उपाशी पोर असं असतं होय? मांजर पिलांवर लोळते म्हणून सशिणीनेही लोळावं, असं कुठे आहे? पण यशू, आतून मीही घाबरले होते. दूध पाजू दिलं नाही आणि मेली, तर ती माझ्याच हाताने मेली असती. तरी मी हात काढला नाही. म्हटलं, तिची पोरं आहेत, तिला कळतं. आपण अजून एकदा तिचं अंथरूण झाडायचं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम बोलले, आणि तुझी आई वाटी घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुझी आई चूल पेटवायला उठली ती आधी पडवीत गेली. मी अंथरुणातच होते. ती धावत आली, पायात पदर अडकून पडली असती, आणि लहान मुलीसारखी माझा दंड हलवायला लागली, "उठ गो सुगंधा, उठ! पाजता हा! माका दिसला, सगळ्यांका पाजता हा!" आम्ही दोघी काळोखात फटीला डोळे लावून बसलो. मिंगेल पिल्लांवर चारी पाय रोवून उभी, कान मागे, आणि खालून नुसता चुटुक चुटुक आवाज. घटकाभरात तिचं आटोपलं, कापूस पुन्हा वर लोटला आणि ही आपली निघाली दुसऱ्या टोकाला, जसं काही झालंच नाही. दिवसात तेवढं एकदाच! वैऱ्याला पिल्लांचा पत्ता लागू नये म्हणून ती लांब बसते, असं माझं मत. तुझ्या आईने त्याच दिवशी सगळ्या वाडीला सांगितलं, सुगंधाला आधीच ठाऊक होतं म्हणून. आनंदीबाईला तर दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा जरा ठसक्यातच.

परवा कोन्सेसांव आली. म्हापशाच्या बहिणीला भेटून दहा वर्षांनी तरुण होऊन आली आहे. पेटीत डोकावली आणि तिने क्रूस केला. मिंगेलला आता कापायचं नाही, असं मी तिला निक्षून सांगितलं. तिने कबूल केलं, पण नाव बदलायला तयार नाही, सवय झाली म्हणते. सातांतली दोन मी मागून घेतली आहेत. ती जोडी हरिश्चंद्रदादाला कसालला पाठवणार, माझ्याऐवजी साठं घालायला. नर कोण, मादी कोण, ते ज्याचं त्याने ओळखावं.

आता हे पत्र कशासाठी, ते. तू भाईला लिहिलंस की पहिलं बाळंतपण मुंबईलाच करते, इस्पितळ जवळ आहे, सोय बरी आहे. बाळे, माहेर असताना पहिल्या वेळी मुंबईची सोय कुणाला लागते? तुझ्या बाळंतपणात माझा हात घरात नको म्हणून ठरलेलं कसालचं जाणं तुझ्या कानावर कुणी घातलं, ते मी विचारत नाही. मी घरात नसेन तर तूही येणार नाहीस, हे तू लिहिलं नाहीस, तरी मी वाचलं, आणि तुझ्या आईनेही वाचलं. तिने त्या दिवसापासून धड जेवण घेतलेलं नाही. तू जन्मलीस तेव्हा तुला सगळ्यांत आधी मी हातात घेतलं होतं. सोळा वर्षांची होते, माझ्या हाताला तेव्हा कुणी नावं ठेवली नव्हती. तो हात हाच. आज दुपारी तुझी आई दौत आणि कागद घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून समोर बसली. सावरीची बोंडं फुटायला लागली आहेत, तर मांडीवर सूप घेऊन नव्या उशीसाठी कापसातल्या बिया काढत होती. तिला लिहिता येत नाही, आणि भाईच्या हातून लिहिलं तर ते तारेसारखं होईल, म्हणून मला म्हणाली, लिव. मी विचारलं, काय लिहू? तिने मूठभर बिया सुपात टाकल्या. मग खाली बघूनच जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, यात माझं एक अक्षर नाही: "पावसान बोट बंद होवच्या आदी ये म्हणान लिव. आते खंय जाणा नाय, ती हंयच आसा. तुझा बाळ मी पयला तिच्याच हातात देतलंय."

वाट बघणारी, तुझीच,
आते